उचललेला भंडारा

मच्छे,
खंडेनवमी, १९८१

कल्लाप्पा,

आज सकाळी मी कारखान्याच्या कुलपाची पूजा केली.

खंडेनवमीची पूजा आपल्याकडं माझ्या भट्टीपासून सुरू व्हायची आणि तुझ्या प्रेसवर संपायची. यंदा आत जाता येत नाही, आणि आत गेलं तरी पुजण्यासारखं काही उरलेलं नाही. भट्टीच्या विटा तेवढ्या आहेत म्हणतात. गेटचं कुलूपच काय ते आता हाताला लागतं. मी ते ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला. आतून वॉचमननं विचारलं, "एन माडाकत्तीरी अण्णा?" काय करतोय ते त्याला दिसत होतं, पण विचारायचं काम त्याला दिलेलं आहे. माझ्या मागं आपली पुष्कळ माणसं उभी होती. त्यातली पॅकिंगची जयाबाई म्हणाली, "कुलपाला कशाला पुजतासा? ऱ्हायलंय तेवढं तेबी बोटीत घालून न्हेतील." सगळे हसले. मीही हसलो. मग खोबरं वाटलं आणि जो तो आपापल्या जागेवर जाऊन बसला. जागा म्हणजे गेटसमोरची चिंच. आम्ही रोज तिथंच असतो.

तू गेल्यापासून तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. राग कमी झाला म्हणून लिहितो आहे असं समजू नकोस.

शेठवर माझा फारसा राग नाही. खुर्चीवर उभं राहून त्यांनी सांगितलं ते तूही ऐकलंस. आपल्या एनामेलच्या थाळ्या आणि चहाचे मग इतकी वर्षं आफ्रिकेत जात होते. आता तिकडच्या सरकारनं बाहेरच्या भांड्यांवर जबर कर बसवला, म्हणून भांडी तिथंच करायची, यंत्रं मोंबासाला न्यायची आणि मच्छ्याचा कारखाना बंद. एवढं बोलून ते मोटारीत बसले. त्यांनी आपलं शेत कारखान्यासाठी घेतलं होतं आणि आपल्या दोघा भावांना कामावर घेतलं होतं. त्यांच्या दृष्टीनं व्यवहार तेवढाच. बांधावरची खंडोबाची घुमटी कंपाउंडच्या बाहेर राहिली आणि तिच्या पूजेचा मान आपल्या घराकडं राहिला. तो मान आहे म्हणूनच शपथ घेतली त्या संध्याकाळी भंडाऱ्याचं ताट माझ्या हातात होतं.

शब्दही मीच सांगितले होते. एकेकानं पुढं येऊन बेलाच्या पानावर चिमूटभर भंडारा उचलला आणि म्हटलं, "इथली भट्टी पुन्हा पेटेपर्यंत दुसऱ्या कुणाची चाकरी करणार नाही, आणि इथलं यंत्र हलवायला हात लावणार नाही." तूही म्हटलंस. माझ्याकडं बघत म्हटलंस. आणि आषाढ सरायच्या आत प्रेसचे नट तूच सैल केलेस, आणि यंत्रांच्या मागोमाग निघून गेलास.

माणसाला दिलेला शब्द मोडला तर माणूस भांडतो. देव भांडत नाही. तीच अडचण आहे.

अंजना आणि पोर जांबोटीला तिच्या माहेरी आहेत. इथं नळावर बायका तिला बोलायला लागल्या, म्हणून मीच पोचवून आलो. तुझा पत्ता तिच्याकडून घेतला. उलट टपाली उत्तर पाठवलंच पाहिजे असं काही नाही.

आण्णाप्पा


मच्छे,
चंपाषष्ठीनंतर, १९८१

कल्लाप्पा,

तुझं पत्र नाही. मीच नको म्हटलं होतं, तेव्हा तक्रार करत नाही.

चंपाषष्ठीला घुमटीवर पुष्कळ माणसं आली. मी एकट्यानंच आरती धरली. तळी उचलताना तुझ्या बाजूला दुसरं कुणी उभं करावं लागलं, त्याचा हात खाली येत होता, त्यामुळं ताट कलतं राहिलं. एवढं सोडलं तर सगळं व्यवस्थित झालं.

शामू मात्र आला नव्हता. माझ्या हाताखाली भट्टीवर होता तो, अनगोळचा शामू. तो येत नाही हे आठवड्यापासून दिसत होतं. कुणी म्हणे ताप आहे, कुणी म्हणे सासुरवाडीला गेला. दुसऱ्या दिवशी खरं कळलं. तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लपून कामाला लागला होता आणि वितळलेलं लोखंड त्याच्या पायावर सांडलं.

मी भेटायला गेलो. पाय केळीच्या पानावर ठेवला होता. मला बघून त्यानं हसायचा प्रयत्न केला. "अण्णा, देवानं पत्ता बराबर हुडकला की वो. म्या नाव बदलून लागलतो. मस्टरवर शामू न्हवताच."

"गप पड," मी म्हणालो.

त्याची बायको यशोदाबाई चुलीपाशी होती. ती वळली नाही. भाकरी थापता थापताच म्हणाली, "बघाय आलाय व्हय? बघा की. तुमच्याच ताटातला परसाद हाय."

शामू म्हणाला, "अगं, अण्णांस्नी बोलतीस?"

"मग कुणाला बोलू? देवाला बोलू? त्यो तर ह्यांच्याच ऐकण्यातला."

मी चहा न घेता उठलो. म्हणजे चहा कुणी विचारलाही नाही.

लोखंड उकळतं असतं तिथं कधीतरी सांडतं, हे मला कळतं. जन्म भट्टीपुढं गेला माझा. पण चिंचेखाली दुसऱ्या दिवसापासून एकच बोलणं, भंडाऱ्यानं धरलं. दोघातिघांनी बेळगावात कामं बघून ठेवली होती, त्यांनी ती सोडून दिली. कुणी कुणाला सोड म्हणालं नाही. आपापल्या घरी ठरवून सकाळी ते गेटवर येऊन बसले. त्यांना बघून मला बरं वाटलं, आणि कशाचं बरं वाटलं याचा दिवसभर विचार करत राहिलो.

तुझा हात दिवसभर प्रेसखाली असतो. पुढची जाळी लावल्याशिवाय पायडलवर पाय ठेवत जाऊ नकोस. जाळीनं कामाला वेळ लागतो म्हणून तू ती काढून ठेवायचास. तिथं काढून ठेवू नकोस. हे रागातही लिहिता येतं.

आण्णाप्पा


मच्छे,
संक्रांत, १९८२

कल्लाप्पा,

मी एक म्हैस घेतली आहे. म्हैस ही चाकरी होत नाही, असं मी देवाला सांगितलं आणि त्यानं काही म्हटलं नाही. स्वभावानं गरीब आहे. तुझी वहिनी सुलाबाई असती तर तिनं नाव ठेवलं असतं. मी नुसतंच ये, जा म्हणतो. घरात दिवसभरात माझ्या तोंडून निघणारे शब्द साधारण तेवढेच.

गेटवर मात्र बोलणं असतं. युनियनचे मारुतीराव बेळगावहून येतात, कोर्टाच्या कानडी कागदात काय आहे ते मराठीत सांगतात. तारीख पुढं गेली, हेच बहुतेक त्यात असतं. पण ते सांगतात अशा आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, आता चारच दिवसांचा प्रश्न. नंतर कुणी तंबाखू मळतो, कुणी कनवटीची बोरं काढून खातो, दुपार निघून जाते.

काल तिळगूळ द्यायला जयाबाई आली आणि तिथंच बसून राहिली. म्हणाली, "अण्णा, एक इचारायचं हुतं. माझी मावसभैन निपाणीला तंबाखूच्या वखारीत हाय. ये म्हनतीया. जाऊ का म्या?"

मी म्हणालो, "मला काय विचारतेस?"

"मग कुणाला इचारू? ताट कुणाच्या हातात हुतं?"

मी तिळगूळ तोंडात टाकला. ती म्हणाली, "मला चाकरीची हौस न्हाय. घरात सासू हाय, दोन पोरी हायत. देव काय मस्टर घेऊन बसलाय व्हय, कोण हजर नि कोण गैरहजर?" मग आपल्याच बोलण्याला भिऊन तिनं कानाच्या पाळ्या धरल्या. "शामूचा पाय बघितल्यापास्नं धाडस व्हईना. तुमी देवाला इचारा. त्यो हो म्हनला की म्या निघते."

मारुतीराव जवळच होते. ते म्हणाले, "जयाक्का, आज तू निपाणीला जाशील, उद्या हा कोल्हापूरला जाईल, परवा त्यो गोव्याला. मग कोर्टात उभं कोण ऱ्हाणार? ही शपथ हाय म्हणून माणसं टिकून हायत."

जयाबाई म्हणाली, "माणसं टिकायला आदी जगाय लागत्यात, मारुतीराव."

धर्मराज त्या वेळी आला होता. तो आता खानापूरच्या लाकडाच्या वखारीत असतो, सुटीला इकडं येऊन बसून जातो. आठवत असेल तुला, त्यानं आणि त्याच्या तिघा भावबंदांनी भंडारा उचलला नव्हता. "आम्ही बुद्धाची माणसं, आम्ही नुसता शब्द देतो," असं म्हणून ते बाजूला उभे राहिले होते, आणि आपलेच काही जण त्यावर कुजबुजले होते. यंत्रं हलवली त्या दिवशी त्या चौघांनी ट्रकसमोर आडवं पडून मार खाल्ला. कुजबुजणारे घरी होते. मी त्याला विचारलं, "धर्मराज, तू शब्द कसा सोडवलास?"

तो म्हणाला, "सोडवायचा काय त्यात, अण्णा? भट्टी आता हितं पेटणार न्हाय ही दिसल्यालं सत्य हाय. सत्य सोडून शब्द कुठं उभा करायचा?"

तुम्हाला सोपं आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यांना काय सोपं होतं ते गावाला माहीत आहे.

उचललेला भंडारा परत ठेवायची रीत आहे. पूजेचा मान माझ्या हाती देताना आप्पांनी आपल्या दोघा भावांनाही सांगितली होती. पण ती वापरायची म्हणजे भट्टी कायमची विझली असं देवापुढं म्हणायचं. मारुतीरावांचंही बरोबर आहे. आणखी एकदोन तारखा बघाव्यात. जयाबाईला मी सांगितलं, देवाला विचारतो. अजून विचारलेलं नाही. इथं थंडी बरीच आहे, पहाटे म्हशीच्या अंगावर पोतं टाकावं लागतं.

आण्णाप्पा


मच्छे,
शिवरात्रीनंतर, १९८२

कल्लाप्पा,

अंजना येऊन गेली. जांबोटीची बस खानापूरपाशी बिघडली, ती पोर कडेवर घेऊन बरंच चालली आणि मग एका बैलगाडीनं पुढं आली. पाय धुऊन उंबऱ्याशी बसली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "भावजी, आदी इचारते, मग येते. तुमी त्यांच्यावर काय करणी-बिरणी केलीया का?"

मी चकित झालो. म्हणालो, "अंजना, मी घुमटीवर दिवा लावणारा माणूस."

"तसं न्हवं वो. ते तिकडं खाईनात." आणि ती रडायला लागली.

मग सगळं सांगितलं. तू तिथं एका गुजराती खानावळीत जेवतोस. पहिल्याच दिवशी तू त्यांना सांगितलंस की माझ्या ताटात हळद नको. म्हणून ते तुझ्यापुरती डाळ वेगळी काढतात, पांढरी. भाजीत हळद असली तर तू भाजी बाजूला सारतोस. तिथल्या लोकांना वाटतं तुला पोटाचा काही विकार आहे. तू तिला लिहिलंस, "हळद दिसली की अण्णांचं ताट दिसतं." तिला त्याचा अर्थ लागला नाही, म्हणून ती एवढी पायपीट करत माझ्याकडं आली.

मला अर्थ लागला. मी तिला आत नेलं, दूध तापवून दिलं. पोर म्हशीला बघून टाळ्या वाजवत होती.

मी विचारलं, "मग गेला कशाला तो?"

अंजना म्हणाली, "त्या प्रेसच्या डाय, थाळ्यांचं साचं, त्यांनी कानस मारून मारून केल्या न्हवं? शेठ म्हनलं, तू न्हाय आलास तरी डाय जाणारच हायत. त्या रातीला हे जेवलं न्हाईत. म्हनलं, परक्याच्या हातात गेल्या तर आठवड्यात मोडून टाकील. भावजी, मला तर वाटतं ते डायच्या मागनं गेलं. माझ्या मागनं बी कदी इतकं आलं न्हाईत." हे म्हणताना ती रडता रडता हसली.

कल्लाप्पा, मी इतके दिवस समजत होतो की तू देवाला विसरलास. चिंचेखाली तुझ्या नावानं कुणी काही बोललं तर मी उठून जायचो नाही, ऐकत बसायचो. तू बिनहळदीचं जेवतोस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

ती गेल्यावर मी घुमटीवर जाऊन बसलो. फुलं घेतली होती कौल लावायला, लावली नाहीत. देवाला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याचं उत्तर चिंचेखाली रोज येऊन बसत होतं. घरात मी एकटा आहे, आणि गेटवर माणसं आहेत. शपथ सुटली की ती माणसं जातील. एवढीच गोष्ट होती, आणि तिला मी कोर्टाची तारीख म्हणत होतो.

आण्णाप्पा


मच्छे,
चैत्र, सोमवार, १९८२

कल्लाप्पा,

काल रविवारी घुमटीवर सगळ्यांना बोलावलं. आधी मारुतीरावांच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. ते चिडले. "अण्णा, तुमी माझा कणाच मोडतासा," म्हणाले. मी म्हणालो, "कोर्टात तुमच्यामागं उभं राहायला ही माणसं येतील. पण ती जेवून येतील." मग त्यांनी आतून पोटमाळ्यावरचं ठेवणीतलं धोतर मागवलं आणि माझ्याबरोबर निघाले.

मी घुमटीपुढं उभा राहून म्हणालो, "इथली भट्टी आता पेटणार नाही. हे मी देवाला सांगतो आहे, तुम्ही साक्षीला आहात." एवढं म्हणायला मला फार कष्ट पडले. मग मी आप्पांनी सांगितलेली रीत सांगितली: ताट आमच्या घरचाच माणूस धरील, ज्यानं उचलला त्यानं, तो नसेल तर त्याच्या घरच्यानं, चिमूटभर भंडारा परत ताटात ठेवायचा, आणि ताट धरणाऱ्यानं तो सगळा पाण्यातून पोटात घ्यायचा. मग शपथ राहते ती त्याच्या एकट्याची.

कुणीतरी मागून म्हणालं, "आणि अण्णांस्नी काय झालं तर?"

जयाबाई म्हणाली, "काय व्हायचं न्हाय. हळद हाय, खोकला जाईल." आणि पहिली तीच पुढं आली. ताटात चिमूट ठेवताना मात्र तिच्या हातून अर्धा भंडारा माझ्या मनगटावर सांडला. तिनं तो पदरानं पुसून पुन्हा ताटात झटकला. एवढाही बाहेर राहू द्यायचा नव्हता तिला.

शामू कुबडी घेऊन आला होता. यशोदाबाई त्याला धरून होती. तो ठेवून मागं वळला तशी ती माझ्यापुढं थांबली. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "अण्णा, त्या दिशी तुमाला चहा इचारला न्हाय म्या." एवढंच. मग एकामागून एक आले. मारुतीरावही आले. धर्मराज बाजूला उभा होता. त्याला ठेवायचं काही नव्हतं. पण शेवटपर्यंत तो उन्हात उभा राहिला.

तुझा भंडारा अंजनानं ठेवला. तिला आदल्या दिवशीच मी जाऊन आणलं होतं. ती पुढं आली तेव्हा बायकांत थोडी हालचाल झाली. मग जयाबाईनंच तिच्या कडेवरची पोर आपल्याकडं घेतली. अंजनानं चिमूट ठेवली आणि तुझं नाव घेतलं, मोठ्यानं, लाजली नाही. मी ताट धरून होतो. नऊ महिन्यांत तुझं नाव तिथं पहिल्यांदा शिवीशिवाय ऐकू आलं.

सगळं झाल्यावर मारुतीराव म्हणाले, "आता तुमचा ऱ्हायला. द्या ताट, म्या धरतो." मी नाही म्हणालो. ते ताट आपल्या घरच्याच हातात लागतं, आणि घरात धरणारे आपण दोघेच. मी धरलं की माझा कोण घेणार? तेव्हा माझा तसाच राहू दे. मला चाकरी आता कोण देतो, आणि मी कुणाची करणार? म्हैस आहे, घुमटी आहे. तू ये म्हणून हे लिहीत नाही. तुझं काम तिकडं आहे, तुझ्या डाय तिकडं आहेत. अंजनाला आणि पोरीला बोलावून घेणार असशील तर कळव, मी त्यांना मुंबईपर्यंत पोचवीन.

काल ताट मी घरी आणून देव्हाऱ्यापुढं झाकून ठेवलं. रात्र जाऊ दिली. भीती वाटली असं नाही, पण ते एकदा घेतलं की झालं, मग काहीच राहत नाही, असं वाटत होतं.

आज सकाळी सवयीनं गेटकडं गेलो. चिंचेखाली कुणी नव्हतं. जयाबाई पहिल्या एस.टी.नं निपाणीला गेली, ती फाट्यावर उभी असलेली लांबून दिसली. वॉचमननं आतून हात केला. मीही केला. थोडा वेळ बसलो. तिथं वारा असतो हे इतके दिवस लक्षात आलं नव्हतं, बोलण्यात जायचा.

घरी आलो, आंघोळ केली. विहिरीचं ताजं पाणी तांब्यात घेतलं आणि ताटातला सगळा भंडारा त्यात सोडला. पाणी दाट झालं, तोंडाला लावताना कडू लागलं. देवाचं नाव घेतलं आणि एका दमात पिऊन टाकलं. त्यात तुझाही होता.

आण्णाप्पा